‘संबंधित’ म्हणजे नेमके कोण?

पालघर जिल्ह्यातला एखादा पाडा डोळ्यांपुढे आणावा. अंगणवाडी सेविका दीड वर्षाच्या पोराला काट्यावर ठेवते आणि वजन मागच्या महिन्याइतकेच भरते. सेविका महिला व बालविकास विभागाची. ती निरोप धाडते आशाताईला. आशा आरोग्य विभागाची. शिधापत्रिकेवर पोराचे नाव अजून चढलेले नाही, म्हणून माणशी ५ किलोच्या हिशेबात त्याचा वाटाच धरला जात नाही. ते काम पुरवठा विभागाचे, म्हणजे तहसील कचेरीचे. पाड्याची विहीर फेब्रुवारीत तळ गाठते आणि गढूळ पाण्याने पोराला सारखी हगवण लागते. पाणी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे. गावात काम नाही म्हणून दिवाळी झाली की सगळे बिऱ्हाड वीटभट्टीवर जाते. काम देणे रोजगार हमीचे, भट्टीवरच्या मजुरांकडे बघणे कामगार विभागाचे. थोरली बहीण आश्रमशाळेत, तिचे बघणारा आदिवासी विकास विभाग.

पोर एक आणि त्याच्या वजनाला हात लावणारी खाती सात. एकेका खात्याला विचारले तर ते आपले काम करत असल्याचे सांगते, आणि बहुतेकदा ते खरेही असते. काटा मात्र जागचा हलत नाही.

गावचे सरपंच, संस्थांचे कार्यकर्ते आणि पहिल्यांदाच तालुक्याला रुजू झालेले तरुण अधिकारी यांच्या वाट्याला असे प्रश्न रोज येतात. त्यावर ‘विभागांनी समन्वय ठेवावा’ एवढे सांगून भाषणे संपतात. पण समन्वय ठेवायचा म्हणजे सोमवारी सकाळी उठून नक्की काय करायचे? महाराष्ट्राने गेल्या पन्नास वर्षांत या बाबतीत बरेच प्रयोग केले आहेत. काही जमले, काही फसले. त्यातून कामाला येईल असे पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आमच्याकडे त्याची तरतूद नाही’ असे अधिकारी म्हणतो तेव्हा तो दर वेळी टाळतच असतो असे नाही. सरकारी पैशाला लेखाशीर्ष असते. विधिमंडळाने ज्या कामासाठी पैसा मंजूर केला त्याच कामावर तो खर्च व्हावा लागतो, आणि बिलावर सही करणारा आहरण व संवितरण अधिकारी त्याला व्यक्तिशः जबाबदार असतो. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्या कामावर गेला तर लेखा आक्षेप निघतो आणि तो निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. खात्यांच्या भिंती उभ्या राहिल्या त्या अशा हिशेबासाठी. म्हणून अशा अधिकाऱ्याला ‘तुमच्यात माणुसकी नाही का’ असे विचारून उपयोग नसतो. ‘हा खर्च तुमच्या कोणत्या शीर्षात बसतो, आणि बसत नसेल तर कोणाच्या बसतो?’ असे विचारले तर उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

कोणताही गुंतलेला प्रश्न हाती घेताना तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: यादी कोणाची, हात कोणाचे, सही कोणाची. यादी म्हणजे लाभार्थी किंवा कामे ठरवणारी नोंदवही. हात म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा माणूस. सही म्हणजे पैसे सोडणारा. तिन्ही एकाच खात्यात असतील तर प्रश्न सोपा. तिन्ही वेगवेगळ्या खात्यांत असतील तर तो कुठे अडकणार हे आधीच सांगता येते.

ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने जिल्ह्याचा कारभार कुठे दुभंगतो हे पाठच करून ठेवावे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, आणि शल्यचिकित्सक जिल्हा परिषदेचा नव्हे. ग्रामीण भागातली अंगणवाडी, शाळा आणि नळपाणी योजना मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या छत्राखाली; रेशन जिल्हाधिकाऱ्यांच्या. आश्रमशाळा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्याकडे, जंगल उपवनसंरक्षकाकडे. तीव्र कुपोषित मूल अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रातून ग्रामीण रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे, तर रस्त्याने ते कदाचित वीस किलोमीटर जाते. कागदावर ते महिला व बालविकासाच्या वहीतून निघते, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून जाते आणि शल्यचिकित्सकांच्या वहीत उतरते. यातल्या कोणत्याही टप्प्यावर नोंद तुटली की मूल यादीतूनच गळते. आईला तिथे राहावे लागते म्हणून बुडीत मजुरी देण्याची सोय आहे. पण घरी राहिलेल्या दोन पोरांना कोण सांभाळणार, याचे लेखाशीर्ष कोणाकडेच नाही. त्याला शेजारीण शोधावी लागते, आणि ती आशाताईच शोधते.

ही गुंतागुंत सरकारला नवी नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंनंतर १९९५ साली राज्याने आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आणली. तिच्यात नवा पैसा फारसा नव्हता. आरोग्य, पोषण आहार, धान्य, पाणी आणि रोजगार ही चालू कामे एका जिल्हाधिकाऱ्यापुढे आणून बसवणे हेच तिचे काम. पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावांत आधीच धान्य पोचवायचे, भरारी पथके फिरती ठेवायची, दर महिन्याला आढावा घ्यायचा. मंत्रालयात आरोग्य, आदिवासी विकास आणि महिला व बालविकास या विभागांची गाभा समिती बसू लागली आणि तीत स्वयंसेवी संस्थांनाही जागा मिळाली. कल्पना उत्तमच होती. मात्र जिथे जिल्हाधिकारी स्वतः बैठकीला बसला तिथेच ती चालली. त्याने आपल्या जागी उपजिल्हाधिकारी पाठवला की पुढच्या महिन्यात बाकीचे खातेप्रमुखही आपापले कारकून पाठवतात. कचेऱ्यांचा हा अलिखित नियम कोणत्याही शासन निर्णयापेक्षा जुना आहे.

यापुढची पायरी २००५ साली पडली. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादेत सुरू झाले, आधी आदिवासीबहुल जिल्ह्यांसाठी आणि मग राज्यभर. त्याचे पहिले महासंचालक व्ही. रमणी. हाताशी माणसे थोडी, युनिसेफची मदत, आणि कोणत्याही अंगणवाडी सेविकेवर किंवा डॉक्टरवर थेट हुकमत नाही. तरी मिशनने काही फार साध्या गोष्टी धरून ठेवल्या. एक, सेविका, पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी यांची रिकामी पदे भरण्याचा पाठपुरावा. पद रिकामे असेल तर समन्वय करायचा कोणाशी, हा साधा प्रश्न बड्या बैठकांत सहसा कोणी विचारत नाही. दोन, आकडा लपवू नका. कुपोषित मुलांची संख्या वाढलेली दिसली म्हणून सेविकेला झापले की पुढच्या महिन्यात संख्या कमी होते, मुलांचे वजन मात्र वाढत नाही. तीन, आरोग्य आणि बालविकास या दोन खात्यांनी एकाच मुलाचे एकच वजन धरावे हा आग्रह. पुढच्या टप्प्यात मिशनने सगळे लक्ष गर्भारपणापासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर आणले.

दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात २४ टक्क्यांच्या आसपास आले. सात वर्षांत एवढी उतरण देशात आणि बाहेरही अभ्यासाचा विषय झाली. याचे सगळे श्रेय मिशनला देणे चूक ठरेल. त्याच काळात उत्पन्न वाढले, आयांचे शिक्षण वाढले, दवाखान्यात बाळंतपणे वाढली. पण खाती एकत्र आली नसती तर हे सगळे एका दिशेने वळले असते का, याची शंकाच आहे. पुढे गाडी अडलीही. पाच वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३४.४ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ निघाले.

पैसा एका खात्याचा आणि हात दुसऱ्याचे असतील तर काय होते, ते अमृत आहार योजनेत बघायला मिळते. २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने ही योजना अनुसूचित क्षेत्रात सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचे चौरस गरम जेवण. पुढे मुलांना अंडी किंवा केळी. पैसा आदिवासी विकास विभागाचा. जेवण होते महिला व बालविकासाच्या अंगणवाडीत, रांधते मदतनीस, बाजारहाट करते गावातली आहार समिती. रचना चांगली, कारण ज्याच्याकडे पैसा होता आणि ज्याच्याकडे चूल होती ते दोघे जोडले गेले. पण प्रकल्प कार्यालयातून निघालेला निधी बालविकास प्रकल्पामार्गे समितीच्या खात्यावर पोचायला उशीर झाला, की चूल थांबत नाही. किराणा दुकानातली उधारी सेविकेच्या नावावर चढते. म्हणून दोन खात्यांची योजना गावात येते तेव्हा सरपंचाने पहिला प्रश्न जेवणाच्या पदार्थांबद्दल विचारू नये. निधीचा हप्ता महिन्याच्या आधी येणार की नंतर, आणि उशीर झाला तर फोन कोणाला करायचा, हे आधी विचारून घ्यावे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो. वरचा हप्ता अडला असताना कामाला येणारा हा पैसा अनेक गावांत नुसता पडून राहतो, तो का पडून आहे हेही ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

पैसा एकत्र आणूनही काम तडीला जातेच असे नाही. जलयुक्त शिवार हे त्याचे ताजे उदाहरण. ५ डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने कृषी, जलसंधारण, वन, लघुपाटबंधारे, भूजल अशा अनेक यंत्रणांच्या योजना एका आराखड्यात आणल्या. जिल्हाधिकारी अध्यक्ष, तालुक्याला प्रांत, गावात शिवारफेरी आणि मग ग्रामसभेची मंजुरी. एकाच ओढ्यावर दोन खात्यांनी दोन बंधारे बांधायचे आणि तिसरा ओढा कोरडाच राहायचा, हा जुना विनोद त्यामुळे पुष्कळ ठिकाणी थांबला. महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० साली विधिमंडळात आला तेव्हा मात्र चित्र वेगळे दिसले: ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम नाही, आणि झालेल्या कामांच्या देखभालीकडे दुर्लक्ष. बांधायला सगळी खाती एकत्र आली होती. गाळ काढायला कोण, हे ठरलेले नव्हते. गावाने अशा आराखड्यावर सही करण्याआधी देखभालीच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते बघावे. रकानाच नसेल तर तो ग्रामसभेच्या ठरावात घालून घ्यावा.

शहरांची कथा याहून बरी नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नावाची नदी मुंबईला नव्याने कळली. तिच्यासाठी प्राधिकरण झाले, पण कामाची वाटणी झाली ती लांबीने: ११.८४ किलोमीटर महापालिकेकडे, ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे. पुराचे पाणी ही हद्द पाळत नाही.

याउलट, खात्यांना एकत्र पळायला लावणारी सगळ्यात यशस्वी रचना जुनी आहे, आणि तिच्यात समन्वय हा शब्द कुठे फारसा येतही नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर गेली. १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मजुरांची मागणी महसूल खात्याकडे, कामे पाटबंधारे, कृषी, बांधकाम आणि वन खात्याकडे, पैसा वेगळ्या निधीतून. ही खाती एकमेकांच्या प्रेमापोटी कामाला लागली नव्हती. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते दिले नाही तर बेकारभत्ता द्यावा लागेल, हे कायद्यातच लिहिलेले होते. एक तारीख आणि चुकल्यास भुर्दंड, एवढ्यावर चार खाती हलली. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही हीच १५ दिवसांची मुदत ठेवली गेली. म्हणून काम मागताना नमुना ४ भरून तारखेची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. तोंडी मागणीची तारीख नसते, आणि तारखेशिवाय भत्ताही नाही.

आता बैठकीकडे वळू, कारण बहुतेक प्रश्न तिथेच गुदमरतात. बैठक झाली, चहा झाला, आठवड्याने इतिवृत्त आले, आणि त्यात शेवटी वाक्य आले: ‘याबाबत संबंधितांनी आवश्यक ती कार्यवाही करावी.’ हा ‘संबंधित’ नावाचा अधिकारी महाराष्ट्रात कुठेच नेमणुकीला नाही. तो रजेवर असल्याचे कोणी ऐकलेले नाही, त्याची बदली होत नाही आणि त्याच्याकडून खुलासाही मागवता येत नाही. इतिवृत्ताचा मसुदा येईल तेव्हा कार्यकर्त्याने किंवा तरुण अधिकाऱ्याने एवढे एकच करावे: जिथे ‘संबंधित’ दिसेल तिथे पदनाम आणि तारीख घालून तो परत पाठवावा. ‘शिधापत्रिकेत नाव नसलेल्या बालकांची यादी बालविकास प्रकल्प अधिकारी यांनी १० तारखेपर्यंत तहसीलदारांना द्यावी, तहसीलदारांनी नावे चढवून ती २५ तारखेपर्यंत परत करावी.’ वाक्य रुक्ष आहे, पण पुढच्या बैठकीत अनुपालन विचारायला नेमकी दोन माणसे मिळतात. बैठकीला माणसेही मोजकीच बोलवावीत. यादी, हात आणि सही यांपैकी काहीच ज्याच्याकडे नाही तो खातेप्रमुख बैठकीत फक्त वेळ खातो.

खाती दूर असली की एकमेकांच्या अहवालावर शंका घेतात. यावर जुना आणि गुणकारी उपाय म्हणजे संयुक्त पाहणी. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच गाडीत जावे आणि अहवालावर जागेवरच सह्या कराव्यात. कचेरीत परतून ‘आमचे अभिप्राय स्वतंत्रपणे पाठवतो’ म्हणण्याची मुभा ठेवू नये. स्वतंत्र अभिप्राय आले की फाइल पुन्हा बारनिशीच्या वाऱ्या करू लागते.

फाइल फिरत राहिली तर नागरिकाच्या हाती कायदा आहे, आणि तो आश्चर्य वाटेल इतका स्पष्ट आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांबाबतचा राज्याचा २००५ चा कायदा सांगतो की साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा, आणि पाठवायची असेल तर ३ महिन्यांत. म्हणजे एका भिंतीपलीकडे जाण्यासाठी कायद्याने दुप्पट वेळ मान्य केला आहे. त्याहून जास्त नाही. स्मरणपत्र लिहिताना ‘आपण कृपया लक्ष घालावे’ एवढ्यावर थांबू नये. अर्जाची तारीख, ३ महिने पूर्ण झाल्याची तारीख आणि या कायद्याचे नाव, या तीन गोष्टी पत्रात असाव्यात.

माहिती अधिकाराचाही असा एक कोपरा आहे. ‘ही माहिती आमच्या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे उत्तर देऊन अर्ज परत करता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे तो अर्ज ज्या प्राधिकरणाकडे माहिती आहे तिकडे ५ दिवसांच्या आत वर्ग करून अर्जदाराला तसे कळवावे लागते. प्रश्न कोणत्या खात्याचा हेच कळत नसेल तर हा सोपा मार्ग आहे. अर्ज कुठेही द्यावा आणि तो कुठे वर्ग होतो ते बघावे. सरकारच आपल्या हाताने लिहून देते की जबाबदार कोण.

एक धोका मात्र कायम राहतो. बदल्या आणि विलंबाच्या त्याच २००५ च्या कायद्याने अधिकाऱ्याचा सर्वसाधारण पदावधी ३ वर्षे ठरवला आहे, आणि प्रत्यक्षात बदली अनेकदा त्याआधीच येते. चांगल्या जिल्हाधिकाऱ्याने जमवलेली घडी त्याच्याबरोबर निघून गेल्याची उदाहरणे प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. म्हणून काम जमले की लगेच त्याचा लेखी आदेश मागून घ्यावा: बैठक कोणत्या वारी, यादी कोण ठेवणार, निधी कोणत्या शीर्षातून. अधिकाऱ्याच्या निरोपसमारंभात मागितलेला आदेश क्वचितच निघतो.

हे सगळे करून झाले आणि तरी पोराचे नाव शिधापत्रिकेवर चढत नसेल, तर लोकशाही दिनाचा रस्ता उरतो. तालुक्याला तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी भरतो. त्या दिवशी सगळ्या खात्यांचे प्रमुख एका दालनात हजर असतात, आणि एवढी खाती एकत्र सहसा इतर कुठे भेटत नाहीत. तालुक्याला दाद लागली नाही तरच जिल्ह्याला जाता येते. अर्ज वैयक्तिक स्वरूपाचा लागतो. ‘आमच्या पाड्याला रेशन नाही’ हा अर्ज परत येऊ शकतो. ‘माझ्या मुलाचे नाव शिधापत्रिकेत चढलेले नाही’ हा त्याच्या आईचा अर्ज घ्यावाच लागतो. पाड्यावर अशा वीस आया असतील तर वीस अर्ज लिहून द्यावेत. दोन प्रती लागतात, आणि त्या १५ दिवस आधी पोचवाव्या लागतात.